सगळी बस म्हणाली, जुळं आहे

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. ताटात भात गार होऊन राहिला, आई दोनदा ओरडून गेली, पण मी जेवायला बसले तर मग शांत डोक्याने विचार करीन आणि लिहिणारच नाही. आज सकाळी मित्राताई दिसली. तेव्हापासून मला कळतच नाहीये की मी खुश व्हायला पाहिजे की घाबरायला पाहिजे. दोन्ही होऊन राहिलंय, आळीपाळीने.

मित्राताई कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोट्टी काय बडबडून राहिली.

माझी पहिली नोकरी विमानतळापलीकडे कंपन्यांची वसाहत आहे तिथे, मिहानमध्ये होती. मोबाईलवाल्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि शिव्या खाऊन ‘आणखी काही मदत करू का’ विचारायचं. शहरातून कंपनीची बस जायची, वर्धा रोडने, सकाळी जायला एक आणि संध्याकाळी यायला तीच. बसमध्ये बहुतेक बायकाच. त्यात मित्राताई. पूर्ण नाव संघमित्रा, पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कोणाला? वय बेचाळीसच्या आसपास. माहेर खापरखेड्याचं, पॉवर स्टेशनच्या कॉलनीतलं. काम क्वालिटीचं, म्हणजे आम्ही फोनवर जे बोललो त्याचं रेकॉर्डिंग ऐकून चुका काढायच्या. दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकायची, म्हणून की काय, बसमध्ये ती फक्त बोलायची.

आणि बसायची नाही. जागा असली तरी मधल्या पॅसेजमध्ये उभी, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. रस्त्याने जाहिरातींचे बोर्ड दिसले की मोठ्याने वाचायची आणि मार्क द्यायची. “हे पाह्य, स्वप्नातलं घर म्हणते, अन् फोटो कायचा, तर स्विमिंग पूलचा! दहापैकी तीन.” सवयच होती तशी.

पण तिची खरी सवय वेगळी. ती सगळं जाहीर करायची. म्हणजे सगळं. राहुलदादा, तिचा नवरा, रात्री कसा घोरतो. सासूने कुकरची शिट्टी कुठे लपवून ठेवली. स्वतःच्या मुळव्याधीबद्दलसुद्धा तिने एकदा खापरीच्या सिग्नलपासून विमानतळापर्यंत सांगितलं होतं, आणि ड्रायव्हर भैयाने आरसा वर फिरवून घेतला होता.

माझा पहिला दिवस. एका ग्राहकाने मला फोनवर इतकं झापलं होतं की मी संध्याकाळी खिडकीला डोकं लावून, ओढणीत तोंड घालून रडत होते. कोणाला कळणार नाही अशा बेताने. तर ही बाई माझ्या डोक्याजवळ येऊन उभी राहिली आणि सगळ्या बसला ओरडून म्हणाली, “ऐका वं बायांनो! ही नवीन पोट्टी रडून राहिली. कोणाजवळ काही गोड आहे का?”

मला वाटलं आत्ता बसमधून उडी मारावी. पण पाच मिनिटांत माझ्या मांडीवर चिक्की, अर्धा पेरू आणि कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक आला. मी रागाने विचारलं, “काहून सांगितलं ताई तुम्ही सगळ्यांना?”

“मंग काय एकटीच रडत बसशीन?” ती शेंगदाणा तोंडात टाकत म्हणाली. “डब्यात दाबून ठेवलं का वास मारते, बाप्पा.”

हे तिचं ठरलेलं वाक्य. एका वर्षी प्रमोशनची परीक्षा झाली. कोणी निकालाबद्दल तोंड उघडत नव्हतं. मित्राताईने दांडी पकडून सांगितलं, “मी नापास झाली. पुरी नापास, काठावर पण नाही.” आणि मग मागच्या सीटवरून एक आवाज आला, मी पण. मग एक, मी पण. अर्धी बस नापास होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकट्याच. त्या दिवशी बसमध्ये जेवढं हसलो तेवढं मी नंतर कधी हसले नाही.

तिला टोकणारी एकच, कुंदाताई. अकाउंट्समधली, पन्नाशीला आलेली, कायम पहिल्या सीटवर. कोणता सण कधी, कोणी काय खाऊ नये, कोणाची ओटी कशाने भरायची, सगळं कुंदाताईला पाठ. तिचं आणि मित्राताईचं रोज वाजायचं. “संघमित्रे, जरा हळू बोल वं, गाडी पलटी होईन.” तिला पूर्ण नावाने हाक मारणारी बसमध्ये तीच.

आता मुद्द्याचं. मित्राताईला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आधी दोनदा दिवस राहून पडलेलं. हेही बसला माहीत होतं, अर्थात तिनेच सांगितलेलं. कोणा नवीन मुलीने “तुम्हाला मुलं किती?” विचारलं की ती अजिबात न अडखळता सांगायची, “अजून एकही नाही. पण मले पाहिजे.” ते ‘पाहिजे’ ती असं म्हणायची, जसं आपण दुकानात म्हणतो. लाज नाही, रडणं नाही, पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि एक दिवस ती सकाळी बसमध्ये चढली ती ओरडतच. “ऐका वं! दोन लाइनी आल्या!”

बसमध्ये कल्ला झाला. कुंदाताईने कपाळावर हात मारला. “अगं बाई, तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणाले सांगत नसते! नजर लागते.”

“मंग तुम्ही पाहू नका माह्याकडे. खिडकीतून बाहेर पाहा.”

पुढचे आठवडे बस जणू तिचीच झाली. तिला इतक्या उलट्या व्हायच्या की भैया सीटखाली पिशव्या आणि लिंबं ठेवायला लागला. “दीदी, बोलना, मैं रोक दूंगा,” म्हणायचा, आणि खरंच वर्धा रोडवर मधेच बाजूला घ्यायचा, मागून ट्रकवाले हॉर्न मारत असले तरी. पोटही भराभर दिसायला लागलं. कुर्ता दोनदा बदलला तिने. आमच्यातली शुभांगी, जिचं नुकतंच लग्न झालं होतं, ती म्हणाली, “ताई, दिवस मोजायला चुकल्या का तुम्ही? चौथा वाटतो.”

कुंदाताईने पहिल्या सीटवरून मान वळवून निकाल दिला. “एवढ्या उलट्या, अन् एवढं पोट. जुळं आहे. माह्या मावशीले असंच झालं होतं.”

झालं! सगळी बस म्हणाली, जुळं आहे. मीसुद्धा. मी तर फोनवर जुळ्यांची नावं शोधून तिला पाठवली होती, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगी, सगळे प्रकार. मित्राताई खुश होऊन म्हणायची, “एवढ्या वर्षांचं सगळं उधार एकदमच फिटून राहिलं वाटते!” पहिली सोनोग्राफी तिने ऑफिसच्या ऑडिटच्या धावपळीत पुढे ढकलली होती. शेवटी एक दिवस ठरला. सकाळी सोनोग्राफी, मग अर्धा दिवस ऑफिस.

कुंदाताईने ठरवलं, त्याच संध्याकाळी बसमध्ये चोरचोळी करायची. तिसऱ्या महिन्यात बाईला गुपचूप हिरवी चोळी देतात, तो कार्यक्रम. गुपचूप! आमच्या बसमध्ये! मग चर्चा झाली की तिच्या घरी ओटीबिटी, हळदीकुंकू चालत नाही, ते बौद्ध आहेत. शुभांगी म्हणाली, कुंकू नको, फुलं देऊ. कुंदाताई थोडा वेळ विचार करून म्हणाली, “चालते. चोळी तर कापड आहे, कापडाले काय धर्म असते?” आणि जुळं म्हणून सगळं दोन-दोन आणलं. दोन हिरवे ब्लाउजपीस, दोन गजरे, पेढ्यांचे दोन डबे. मधल्या एका सीटला आम्ही झेंडूच्या माळा बांधल्या. भैयाने हॅपी बर्थडेचे फुगे लावले, कारण त्याच्याकडे तेच होते.

संध्याकाळी ती चढली. सीट बघितली. फुगे बघितले. आणि हसली. मी जवळच होते, मी शपथेवर सांगते, ती हसली. पहिल्यांदा ती बसमध्ये बसली, त्या झेंडूच्या सीटवर. कुंदाताईने गजरे माळले, मांडीवर दोन्ही ब्लाउजपीस ठेवले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिने पेढा खाल्ला. सगळ्यांना भरवले. भैयाला पुढे जाऊन देऊन आली. मग परत येऊन बसली, सगळ्यांची तोंडं पुसून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली,

“ऐका वं. सोनोग्राफी झाली. बाळ नाहीये. एकही नाही.”

भैयाने गाणं बंद केलं.

“म्हणजे... गेलं?” शुभांगीने विचारलं.

“गेलं नाही. नव्हतंच.”

“पण दोन लाइनी आल्या होत्या न?”

“आल्या होत्या.”

“मग उलट्या?”

“त्या खऱ्याच होत्या.”

“अन् पोट?”

तिने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, जसं ते दुसऱ्या कोणाचं आहे. “डॉक्टर बाई म्हणते, आत द्राक्षाच्या घडासारखं वाढून राहिलं आहे. नुसते फुगे फुगे. बाळ नाही. मोलर प्रेग्नन्सी म्हणतात याले. मले पण समजलं नाही अजून. परवा साफ करायचं आहे.”

कुंदाताई म्हणाली, “मंग आधी काहून नाही सांगितलं गं? आम्ही हे सगळं...” आणि तिचा हात त्या माळांकडे गेला.

“तुम्ही सकाळपासून तयारी करून राहिल्या होत्या. आधी सांगितलं असतं तर कोणी खाल्लं असतं का?”

मला आजपर्यंत कळलेलं नाही की ते काय होतं. ती हसली ते खोटं होतं का? तिला थोडा वेळ तरी तो कार्यक्रम हवा होता का? की खरंच तिला आमच्या पेढ्यांची काळजी होती? आणि आम्ही रडायचं तर कोणासाठी रडायचं? बाळ गेलं म्हणून, तर बाळ नव्हतंच. नव्हतं म्हणून रडायचं नाही, तर मग ती इतके आठवडे उलट्या करत होती ते काय होतं? शुभांगी रडली. मी फुगे सोडवत बसले, कारण मला काय करायचं ते सुचत नव्हतं.

क्युरेटिंग झालं, आठवडाभराने ती परत आली. परत उभी, परत दांडी. पण शेंगदाणे नव्हते. आणि त्या आठवड्यात बसने आपापली कारणं काढून ठेवली होती. कोणी म्हणे पपई खाल्ली असेल. कोणी म्हणे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. कोणी म्हणे खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनची राख लहानपणापासून फुफ्फुसात गेलेली. कुंदाताईने तिला बाजूला घेऊन विचारलं, “मधे ग्रहण होतं तेव्हा काही चिरलं-कापलं होतं का वं तू?”

मित्राताईने सगळ्यांसमोरच उत्तर दिलं. डॉक्टरांशी ती भरपूर बोलून आली होती.

“ऐका. हे जमतानाच बिघडते, पहिल्याच दिवशी. अंड्यात आईकडचं जे असायले पाहिजे ते नसतेच, अन् बापाकडचंच दुप्पट होऊन वाढत राहते. म्हणजे माह्यं याच्यात काहीच नव्हतं, सगळं राहुलचं. सासूले सांगितलं नाही, नाहीतर म्हणन पोरगा बापावर गेला.”

दोघी-तिघी हसल्या, मग घाबरून तोंडावर ओढणी धरली. हसायचं की नाही ते कळेना.

“पपई नाही, लॅपटॉप नाही, राख नाही. डॉक्टर म्हणते वय मोठं कारण आहे. एकदम कमी वय, विशीच्या आत, नाहीतर मंग चाळिशीच्या पुढं. पुढं जास्तच. अन् आधी एकदा हेच झालं असन तर पुन्हा व्हायचा धोका थोडा वाढते. आधी गर्भ पडले असतीन तरी जरासा. खाण्यात गाजर-भाज्या कमी असल्या तरी होते असं काही जण म्हणतात, पण ते पक्कं नाही. बाकी नशीबच, नाहीतर योगायोग, जे म्हणायचं ते म्हणा.”

“मी तेवीसची आहे,” शुभांगी पटकन म्हणाली.

“मंग तू बस न आरामात. पण सोनोग्राफी पुढं ढकलू नको माह्यासारखी.”

“पण ताई, किती जणींना होतं असं?” मी विचारलं.

“हजारात एखादीले, असं म्हणते ती. आपल्या इकडं, आशियात, बाहेरच्या देशांपेक्षा थोडं जास्त दिसते म्हणे. पण नक्की किती, ते कोणालेच सांगता येत नाही.” मग तिने बसवरून नजर फिरवली. “कंपनीत हजारएक बाया असतीनच. ती एखादी मी झाली, तुम्ही सगळ्या सुटल्या. आभार माना माह्ये.”

असं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकीला झालं म्हणून बाकीच्या सुटत नाहीत. पण मी बोलले नाही, कारण सगळ्या तिच्याकडे खरंच आभार मानल्यासारख्या बघत होत्या.

मी कुंदाताईच्या मागच्याच सीटवर होते. तिने हळूच मित्राताईचा कुर्ता ओढला. “विशीच्या आत म्हणाली का तू?”

“हाव. काहून?”

“द्राक्षासारखं?”

मित्राताई वाकली. कुंदाताई तिच्या कानात बराच वेळ बोलली. मित्राताई सरळ झाली, तोंड उघडलं, आता जाहीर करणार एवढ्यात थांबली. पहिल्यांदा मी तिला विचारताना ऐकलं. “सांगू का सगळ्यांले?”

“नको,” कुंदाताई म्हणाली. “मीच सांगते.”

आणि तिने मागे न वळता, समोरच्या काचेकडे बघतच सांगितलं. लग्न झालं तेव्हा तिला अठरा नुकतेच लागले होते. पहिल्याच वेळी असंच झालं. गावातच पडलं, घरातच. सुईणीने बघितलं, सासूने बघितलं आणि घरामागे पुरून टाकलं. कोणत्याच दवाखान्यात नेलं नाही. सासू म्हणाली, तू ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. नंतर दोन पोरी झाल्या, धडधाकट, पण त्या पहिल्याचं ती कधी कोणाजवळ बोलली नाही. आपल्या पोरींनासुद्धा ग्रहणात विळीला हात लावू दिला नाही.

“मंग तुम्ही मले ग्रहणाचं विचारलं ते काहून?” मित्राताईने विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

“मले तेवढंच एक कारण माहीत होतं न. दुसरं कोणी सांगितलंच नाही.”

त्यानंतर मित्राताई कुंदाताईच्या शेजारी बसली.

मी घरी येऊन खूप वाचलं. हजारात एखादी म्हणतात, मग आमच्या एका बसमध्ये दोघी कशा? माझं डोकं चालेना. नंतर समजलं की हे आकडे दवाखान्यात आलेल्यांवरून काढतात. म्हणून एक दवाखाना एक सांगतो, दुसरा दुसरं. कुंदाताई कोणत्याच मोजणीत नाही. तिच्यासारख्या अजून किती नाहीत, कोणाला माहीत? आणि हेही खरं की आमची बस ही नुसती एक बस आहे, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एकत्र डोक्यात ठेवता येत नाहीत.

मग सुरू झाला बीटा. म्हणजे रक्ताची तपासणी, बीटा एचसीजी. गरोदर असताना जो हार्मोन वाढतो तोच. मोलरमध्ये तो प्रचंड वाढतो, त्यानेच त्या उलट्या. गर्भपिशवी साफ केल्यावर तो उतरायला पाहिजे. उतरला नाही तर आत काहीतरी राहिलं आहे, वाढून राहिलं आहे, आणि मग कॅन्सरवाली औषधं द्यावी लागतात. बहुतेक जणी बऱ्या होतात, हे डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. पण कॅन्सर हा शब्द तो शब्दच.

दर आठवड्याला ती बसमध्ये आकडा जाहीर करायची आणि सगळी बस टाळ्या वाजवायची, कमी झाला म्हणून. भैया विचारायचा, “दीदी, गिरा क्या?” जसं शेअर बाजार. एका आठवड्यात तो उतरलाच नाही. आहे तिथेच. ती चढली, दांडी पकडली आणि नुसतं म्हणाली, “तेवढाच आहे.” त्या दिवशी एकाही बोर्डाला मार्क मिळाले नाहीत. पुढच्या आठवड्यात परत उतरला. कुंदाताईने बसमध्ये साखर वाटली.

सगळं उतरून नीट झालं तरी लगेच मूल होऊ द्यायचं नव्हतं, काही महिने. कारण दिवस राहिले तर तोच आकडा परत वर जाणार, मग तो बाळाचा की आजाराचा हे कसं कळणार? डॉक्टरांचं बरोबर होतं. पण मित्राताईला तेच जड गेलं. “म्हणते वय जास्त आहे म्हणून झालं. अन् मंग म्हणते थांबा. थांबल्यानं वय कमी होते का वं?”

राहुलदादा म्हणायचे पुरे झालं. हेही तिनेच सांगितलेलं. “तो म्हणते, तू आहेस तेवढं मले पुरे. मी म्हटलं, तुले पुरे असन, मले नाही.” मग थोडं थांबून, “डॉक्टरले म्हटलं, पुन्हा हेच व्हायचं किती? ती म्हणे शंभरात एखादीले होते. मी म्हटलं, अन् वयाचं वेगळं? ती म्हणे वेगळं. मी म्हटलं, दोन्ही मिळवून सांगा. ती म्हणे, असं मिळवता येत नाही.” शेंगदाणे परत सुरू झाले होते, पण ती पुडी नुसती हातात धरून होती. “मंग मी काय पकडून ठरवू सांग न.”

मी तेवीसचीही नव्हते.

ते महिने संपायच्या आत आमचं काम दुसऱ्या शहरात गेलं. बस बंद झाली. सगळ्या पांगल्या. सुरुवातीला ग्रुपवर गुड मॉर्निंग यायचं, मग तेही थांबलं. मित्राताईने ग्रुपवर कधी काही टाकलं नाही. तिला टाइप करून जाहीर करणं जमायचं नाही, तिला दांडी लागायची.

आणि आज सकाळी, बस बंद होऊन वर्ष होत आल्यावर. आईची शुगर तपासायला धंतोलीतल्या लॅबमध्ये गेले होते. आई आत. मी बाहेर खुर्ची शोधतेय तर समोर मित्राताई. एक हात दुमडलेला, कोपरात कापूस दाबलेला. थोडी वाळलेली वाटली, किंवा नसेलही, मी खूप दिवसांनी बघितलं म्हणून असेल. मी किंचाळलेच. ती पण हसली, गालाला हात लावला, म्हणाली, “किती लठ्ठ झाली वं तू!”

मी विचारलं, “ताई, कशाला आल्या?”

“बीटा.”

आणि मी थांबले. तुम्हाला समजतंय ना? बीटा! तीच टेस्ट. बाळ असेल तरी तीच, आणि ते परत आलं असेल तरी तीच. नुसतं वर्षभरानंतरचं तपासून घेणंही असू शकतं, तसंही करतात. मी तिच्या पोटाकडे बघितलं, ओढणी होती. चेहऱ्याकडे बघितलं. ह्या चेहऱ्यावर कधी काही लपलेलं मी बघितलंच नव्हतं, त्यामुळे मला वाचताच येईना.

“म्हणजे... ते परत... की दुसरं?” मी असं काहीतरी विचारलं. मूर्खासारखं.

आजूबाजूला वीसेक माणसं बसली होती. आधीची मित्राताई असती तर तिने उभं राहून सगळ्या लॅबला सांगितलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. कापूस अजून जोरात दाबला. मग म्हणाली, “आई बरी आहे न तुह्यी?”

“हो.”

“मंग झालं.”

माझ्या डोक्यावर हात ठेवून ती निघाली. मी मागे मागे दारापर्यंत गेले. बाहेर ऑटो उभा होता. तिने त्यात बसताना दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून, हळूहळू, एक एक पाय आत घेतला. आणि ऑटोवाल्याला म्हणाली, “हळू घे गा भाऊ, गड्डे पाहून.”

रक्त दिलं की चक्कर येते, तेव्हाही माणूस हळूच बसतो. दुखत असलं तरी हळू बसतो. आणि... हो. तेव्हाही. ऑटो वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. तिने एकदाही मागे बघितलं नाही, सरळ समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून, जणू तोंड उघडलं तर काहीतरी सांडेल.

मला तिला फोन करायचा आहे आणि करायचा नाहीये. कुंदाताईला विचारावं असंही वाटलं, पण तिला तरी सांगितलं असेल का?

म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्यापैकी कोणाला मोलर झालं होतं का, तुम्हाला, बहिणीला, आईला, कोणालाही? नंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलं होतं का? की तुम्हीही असेच ओठ मिटून बसला होतात, आणि तुमच्याकडे बघणाऱ्याला काहीच कळलं नव्हतं?